लग्नविधीसाठी शास्त्रीय संगीताची निवड: मुहूर्त, राग आणि शब्द

गौरीहर

नमस्कार. माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात पुण्यात होणार आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहवाचन आणि गौरीहरपूजन, दुपारी साडेबाराच्या सुमारास मुहूर्त, त्यानंतर लाजाहोम, सप्तपदी, जेवणे आणि संध्याकाळी स्वागत समारंभ असा क्रम ठरला आहे. वधू अनेक वर्षे गाणे शिकत आहे आणि वराच्या घरी कीर्तनाची परंपरा आहे. त्यामुळे या लग्नात शास्त्रीय संगीत असावे आणि ते नीट विचार करून निवडलेले असावे, असे दोन्हीकडच्या मंडळींनी एकमताने ठरवले. निवडीची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे.

अलीकडच्या बहुतेक लग्नांत सनईचे एखादे रेकॉर्डिंग सकाळी स्पीकरवर सुरू होते आणि जेवणे उरकेपर्यंत त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा वाजत राहते. गुरुजी मंत्र म्हणत असतात तेव्हाही ते चालूच असते आणि कोणत्या प्रहरी कोणता राग वाजतो आहे याकडे कोणाचे लक्ष नसते. लग्नातले संगीत हे विधीचेच एक अंग आहे, अशी माझी श्रद्धा आहे. विधी जिथे जागा देतो तिथे ते सर्वांना मन लावून ऐकता यावे आणि जिथे जागा देत नाही तिथे ते पूर्ण थांबावे, एवढे तरी आम्हाला साधायचे आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारते. दिवसभराच्या विधींना कोणते राग शोभतील? गायन ठेवायचे असेल तर बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गीते, कशा निवडाव्यात? आणि मंगलाष्टके रागांत बांधून म्हणावीत की पारंपरिक चालीतच ठेवावीत? इंटरनेटवर ‘मंगल रागांच्या’ याद्या पुष्कळ सापडतात, परंतु त्यांत वेळेचा आणि शब्दांचा विचार जवळजवळ नसतो.

कृष्णाकाठ

ताई, वेळेचा विचार मुहूर्तापासून सुरू करून मागे आणि पुढे न्यावा, म्हणजे दिवसाची मांडणी आपोआप होते.

साडेबाराचा मुहूर्त म्हणजे सारंगाची वेळ. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीत, निषाद मात्र दोन्ही आहेत, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. या मोजक्या स्वरांमुळे त्याला एक मोकळेपणा आहे आणि सनईच्या खणखणीत नादात तो फार शोभतो. अक्षता पडल्यानंतर मंडपात जो आनंद उसळतो त्याला याच रागातली द्रुत गत, म्हणजे जलद लयीतली वाद्यावरची रचना, साथ देऊ शकेल. बहुतेक याद्यांत सारंगाचे नावही नसते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण महाराष्ट्रातली किती तरी लग्ने भर दुपारीच लागतात.

सकाळच्या पुण्याहवाचनाच्या आधी, मंडळी जमत असताना, भैरव किंवा अहिर भैरव थोडा वेळ वाजावा आणि ऊन चढू लागले की देशकार किंवा अल्हैया बिलावल घ्यावा. तोडी हा थोर राग आहे, परंतु त्याच्यातली आर्तता इतकी खोल आहे की ज्या घरातून मुलगी जाणार आहे त्या घरच्या माणसांना तो सकाळीच व्याकुळ करील. जेवणाच्या वेळी भीमपलास, पटदीप, मधुवंती हे राग प्रसन्न वाटतात.

देशकाराचा आग्रह धरण्याचे एक खास कारण आहे. देशकार आणि भूप यांचे स्वर तेच पाच आहेत: सा, रे, ग, प, ध. देशकारात धैवताला महत्त्व आहे, त्याचा विस्तार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, होतो आणि तो सकाळचा आहे. भूपात गंधाराला मान आहे, तो पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या भागात, रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. सकाळी देशकार आणि संध्याकाळच्या समारंभात भूप ठेवला, तर त्याच पाच स्वरांतून सकाळ आणि रात्र अशी दोन वेगळी रूपे उभी राहतील. आपली भाची गाणे शिकते आहे, तिला ही जोडी निश्चित आवडेल.

आता अवघड भाग सांगतो, तो म्हणजे आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन. सूर्यास्ताच्या वेळी संधिप्रकाश राग येतात आणि त्यांतले पुष्कळसे राग मंगलकार्याच्या भावनेशी जुळत नाहीत. मारव्यात पंचम नाही, षड्जावर विसावणेही कलावंत लांबवत नेतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात सतत एक हुरहूर राहते. श्री रागाचे गांभीर्य तर विरक्तीकडे झुकणारे आहे. ज्यांच्याकडे गोरज मुहूर्त असतो त्यांनाही हाच प्रश्न पडतो. त्याला माझे उत्तर पूरिया कल्याण असे आहे. त्यात पूरियाचा कोमल ऋषभ संध्याकाळची छटा राखतो आणि पंचमासह येणारे कल्याणाचे अंग त्या छटेला स्थैर्य देते. दिवेलागण झाली की सरळ यमनात जावे.

रेकॉर्डिंग वापरायचे असल्यास आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९४७ मध्ये स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी ज्यांची सनई लाल किल्ल्यावर निनादली आणि २००१ मध्ये ज्यांना भारतरत्न मिळाले, त्या उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी हे मंगलवाद्य मैफलीच्या मंचावर प्रतिष्ठित केले. परंतु त्यांच्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये राग सावकाश उमलत जातो, आणि तो राग ऐन रंगात आला असता विधीसाठी मध्येच बंद करणे हा कलेचा अवमान आहे. त्यापेक्षा लहान गती आणि धुना, म्हणजे लोकगीतांच्या अंगाच्या हलक्या रचना, निवडाव्यात. धुनांतही ऋतू पाहावा. चैती चैत्राची आणि कजरी पावसाळ्याची. मार्गशीर्षातल्या लग्नात दोन्ही अस्थानी ठरतील.

तानपुरी

कृष्णाकाठ यांनी रागांविषयी इतके सुंदर लिहिले आहे की त्यात मला भर घालायची नाही. मी गायन शिकवते, म्हणून बंदिशींच्या शब्दांविषयी लिहिते.

ख्यालाच्या बंदिशींतला फार मोठा भाग विरहाचा, रुसव्याचा आणि तक्रारीचा आहे. राग मंगल आहे म्हणून बंदिशही मंगल असेलच असे नाही. यमनातली ‘ए री आली पिया बिन’ ही पारंपरिक बंदिश बहुतेक विद्यार्थी अगदी सुरुवातीला शिकतात आणि ‘यमन गा’ म्हटले की तीच ओठांवर येते. तिचा अर्थ असा की प्रियकरावाचून मला घटकाभरही चैन पडत नाही. भीमपलासातली ‘जा जा रे अपने मंदिरवा’ तर त्याहून विचार करायला लावणारी आहे. तिच्यातली नायिका प्रियकराला आपल्या घरी परत जा असे विनवते, कारण सासू आणि नणंद ऐकतील अशी तिला धास्ती आहे. मैफलीत ही बंदिश अत्यंत गोड लागते, परंतु विहिणी शेजारी बसलेल्या असताना ती गाऊ नये.

अनुकूल बंदिशीही कमी नाहीत. हंसध्वनीतली ‘लागी लगन पति सखी संग’ ही उस्ताद अमीर खाँ यांनी अजरामर केलेली द्रुत बंदिश आपल्या समारंभासाठी फार योग्य आहे. हा राग मुळात कर्नाटक संगीतातला आणि त्याचे स्वर केवळ पाच, सा, रे, ग, प, नि, त्यामुळे तो ऐकताच वातावरण उजळते. बिहागातली ‘लट उलझी सुलझा जा बालम’ ही बंदिश मेंदीच्या संध्याकाळी गावी. हाताला मेंदी लागली आहे म्हणून गुंतलेली बट तूच सोडव, असे ती प्रियकराला सांगते. भूपात किशोरीताई आमोणकरांनी स्वतः बांधलेली ‘सहेला रे’ आहे. ही भेट पुन्हा न दुरावण्याची आहे, असा तिचा आशय आहे आणि दोन जीव एकत्र येण्याच्या दिवशी याहून समर्पक काही मला सुचत नाही. ख्यालाच्या भांडारात ‘बनरा’, ‘बना’ आणि ‘सेहरा’ हे शब्द असलेल्या, खास विवाहप्रसंगाच्या बंदिशीही आहेत. आपल्या भाचीच्या गुरूंना त्यांच्या घराण्यातल्या अशा चिजा अवश्य विचाराव्यात. अशी चीज गुरूंच्या तोंडून मिळणे ही त्या मुलीसाठी मोठी देणगी ठरेल.

मराठी शब्द हवे असतील तर नाट्यसंगीताकडे वळावे आणि तिथेही नाटक कोणते ते पाहावे. १९१६ साली रंगभूमीवर आलेले ‘संगीत स्वयंवर’ हे रुक्मिणीच्या विवाहाचे नाटक आहे आणि त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या आहेत. त्यातले यमनातले ‘नाथ हा माझा’ आणि बिहागातले ‘मम आत्मा गमला हा’ ही दोन्ही पदे वधूच्या मनातले बोलतात. याउलट १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’तली पदे कितीही लोकप्रिय असली तरी ते नाटक लहान मुलीचे लग्न वृद्धाशी लावण्याच्या अन्यायावर आहे. ती पदे लग्नमंडपात म्हणू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पाठवणीच्या वेळी हौसेने ‘बाबुल मोरा’ लावले जाते. भैरवीतली ही ठुमरी अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांची मानली जाते आणि १८५६ मध्ये लखनौ सोडावे लागण्याच्या त्यांच्या दुःखाशी ती जोडलेली आहे. तिच्यातली चार भोयांनी उचललेली डोली ही वधूची जशी आहे तशीच ती अखेरच्या प्रवासाचीही आहे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना ती त्या क्षणी ऐकवत नाही. पाठवणीला भैरवी हवीच असेल तर सनईवर शब्दांवाचून वाजू द्यावी.

मांडवी

आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवांत शणै, म्हणजे सनई, आणि तिच्या जोडीला एकच स्वर धरून ठेवणारी सूर्त अजूनही ऐकायला मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष वादनाच्या बाजूने मला चार शब्द सांगावेसे वाटतात. शक्य असेल तर रेकॉर्डिंग नको, ताफा बोलवा. मुख्य सनई, सूर धरणारी दुसरी सनई आणि चौघडा किंवा संबळ एवढे कलावंत पुरेसे असतात. विधी पुढे सरकतो तसे त्यांना थांबता येते, पुन्हा सुरू करता येते, गुरुजींच्या नजरेवर त्यांचे लक्ष असते. यंत्राकडून ही अपेक्षा करता येत नाही.

सनईला दमसास फार लागतो आणि तिची पत्ती ओलसर राखावी लागते. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत अखंड वाजवा, असे कोणाला सांगू नये. केव्हा वाजवायचे आणि केव्हा विश्रांती घ्यायची हे लिहून आधीच त्यांच्या हाती द्यावे. बसण्यासाठी उंच आणि सावलीची जागा असावी, कारण देवळांत आणि गडांवर नगारखाना वरच्या बाजूला असे तो उगीच नव्हे. त्यांचे जेवण शेवटच्या पंगतीवर ढकलू नये, आणि ठरलेले मानधन त्याच दिवशी, सन्मानाने, घरच्या कर्त्या माणसाच्या हातून दिले जावे. लहान कार्यालयात माइकचीही गरज पडत नाही.

ज्यांना रेकॉर्डिंगच वापरायचे आहे त्यांच्यासाठी एक माहिती: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधीच्या वेळी रेकॉर्डिंग लावण्यास सूट आहे आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाच्या वरातीचा आणि लग्नाशी संबंधित समारंभांचा उल्लेख आहे. कार्यालयाने परवान्याविषयी विचारणा केल्यास हे कलम दाखवून बोलावे.

गौरीहर

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. देशकार आणि भूप यांची जोडी भाचीला वाचून दाखवली आणि ती लगेच स्वीकारली गेली. ताफ्याविषयीही घरात एकमत झाले आहे. मंगलाष्टकांचा प्रश्न मात्र अजून उरला आहे. वराच्या आत्या, मामी आणि चुलत बहिणी अशा पुष्कळ जणींना मंगलाष्टके म्हणायची आहेत, प्रत्येकीने स्वतः रचलेली आहेत आणि प्रत्येकीची चाल वेगळी आहे.

पाचवा_सूर

मंगलाष्टकांच्या बाबतीत वृत्त हाच खरा मार्गदर्शक आहे, म्हणून आधी त्याविषयी.

बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडितात असतात. एका चरणात एकोणीस अक्षरे, गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू, आणि बाराव्या अक्षरावर यती. ‘स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं’ येथे बारा अक्षरे पूर्ण होतात, तिथे श्वास घ्यायचा आणि मग ‘मोरेश्वरं सिद्धिदम्’ म्हणायचे. पारंपरिक चाल या यतीला सांभाळून चालते, म्हणून ती शेकडो माणसांच्या मंडपात माइकविना कळत असे. नवी चाल बांधायची असेल तर राग कोणताही घ्यावा, परंतु बाराव्या अक्षरावरचा विसावा मोडू नये आणि लघू अक्षर ताणून गुरू करू नये. तबल्याचा ठेका अजिबात देऊ नये, कारण या वृत्ताची स्वतःची चाल आहे आणि ती दादऱ्यात किंवा केहरव्यात कोंबली की शब्द वेडेवाकडे तुटतात. तानपुरा पुरे, फार तर पेटीचा हलका आधार असावा. दुपारच्या मुहूर्ताला सारंगाच्या अंगाची किंवा बिलावलाच्या सरळ स्वरांची चाल शोभेल. यमनातली मंगलाष्टके मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती श्रवणीय असतात, परंतु ती संध्याकाळच्या लग्नाची.

घरच्या मंडळींनी रचलेल्या श्लोकांचे मनापासून कौतुक आहे. त्यांत नातलगांची नावे गुंफलेली असतात, ती त्या दिवसाची खरी आठवण असते. तरीही रचना आधी मागवून अक्षरे मोजून पाहावीत, कारण एखादे नाव एका मात्रेने वाढले की म्हणणाऱ्या व्यक्तीची ऐन वेळी ओढाताण होते. श्लोकांची संख्याही आवरती ठेवावी. सावकाश गायलेल्या एका श्लोकाला साधारण मिनिटभर लागते, आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर हार धरून उभे असतात, शेजारी मामा उभे असतात, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता असतात. आठ श्लोक हे नावाप्रमाणे योग्य प्रमाण आहे. शेवटचा ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हा श्लोक गुरुजींचा असतो. त्याचे वृत्तही निराळे, अकरा अक्षरांचे आहे, आणि तो मुहूर्ताच्या क्षणाला बांधलेला आहे. तो त्यांनीच म्हणावा आणि त्यावर दुसरा कोणताही आवाज येऊ देऊ नये.

आपण पहिल्या लेखात जे म्हटले आहे, की विधी जागा देत नाही तिथे संगीताने थांबावे, ते आपल्या परंपरेने मंगलाष्टकातच सांगून ठेवले आहे. ‘आली लग्नघटी समीप नवरा घेऊनि यावा घरा’ या जुन्या श्लोकात मधुपर्क करा, अंतरपाट धरा अशा सूचना एकामागून एक येतात आणि शेवटच्या चरणात ‘वाजंत्री बहु गल्बला न करणे’ असे वाजंत्र्यांना स्पष्ट बजावलेले आहे. म्हणजे घटिका भरत आली की वाद्ये शांत, सर्वांचे कान शब्दांकडे. मग अक्षता पडल्या की वाद्यांनी पूर्ण ताकदीने वाजायचे. त्या आधीच्या निःशब्दतेमुळेच नंतरच्या सनईला तेज येते. दिवसभर अखंड वाजणाऱ्या रेकॉर्डिंगने हा फरकच पुसून टाकला आहे, आणि ही मला आजच्या लग्नातली सर्वांत मोठी हानी वाटते. हा एक श्लोक आपल्या आठांत अवश्य घ्या आणि ताफ्यातल्या मंडळींनाही आधी ऐकवा.

कावेरीतीर

मी बरीच वर्षे तमिळनाडूत राहते आणि वर पाचवा_सूर यांनी लिहिलेले वाचताना इथल्या लग्नातला नेमका तोच क्षण डोळ्यांपुढे आला, परंतु उलट्या बाजूने. इथे मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी पुरोहित हाताने खूण करतात, ‘गेट्टी मेळम’ असा पुकारा होतो आणि नादस्वरम हे सनईसारखे वाद्य आणि तविल हा ढोल एकाच वेळी अत्यंत जोरात आणि द्रुत लयीत वाजू लागतात. त्या क्षणी शिंक, रडणे किंवा एखादा अभद्र शब्द कोणाच्याही कानी पडू नये, अशी त्यामागची भावना आहे. आपल्याकडे शांतता ठेवून शब्द जपतात, इथे नादाचे कवच उभारून क्षण जपतात. दोन्हीकडे वादकाला विधीची बारीक जाण असणे अनिवार्य आहे.

लग्नात गायचे खास कीर्तनही इथे आहे. त्यागराजांचे ‘सीता कल्याण वैभोगमे’ हे कुरिंजी रागातले कीर्तन दक्षिणेतल्या असंख्य लग्नांत म्हणतात. त्यागराज तंजावरजवळच्या तिरुवैयारूचे आणि त्यांच्या हयातीत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते, त्यामुळे मराठी घरातल्या लग्नात हे कीर्तन आले तर ते परके मानू नये. आपल्या भाचीला राम आणि सीता यांच्या विवाहाचे गाणे हवे असेल तर त्याचा जरूर विचार करावा. वधूवरांना झोपाळ्यावर बसवून म्हणायची ‘ऊंजल’ गाणी हा आणखी एक गोड प्रकार आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझे थोडे वेगळे मत नोंदवते. कर्नाटक पद्धतीत रागाची वेळ मैफलीत इतक्या कसोशीने पाळली जात नाही, आणि त्यामुळे श्रोत्यांच्या आनंदात काही उणे आल्याचे मी पाहिलेले नाही. एखाद्या घराचा यमनावर जीव असेल आणि मुहूर्त दुपारचा असेल, तर त्यांना तो नाकारावा का?

कृष्णाकाठ

आपला प्रश्न रास्त आहे. नाकारावा असे मी म्हणणार नाही. वधूला यमनच हवा असेल तर तिच्या इच्छेपुढे प्रहराचा नियम मोठा नाही. परंतु निवडीला मोकळीक असेल तर वेळ पाळण्यात लाभ आहे, आणि तो हिंदुस्थानी संगीत ऐकत आलेल्या कानांसाठी विशेष आहे. पिढ्यान् पिढ्या यमन दिवेलागणीला ऐकल्यामुळे त्याच्या स्वरांत आमच्यासाठी संध्याकाळ साठलेली आहे. तो दुपारी वाजला तर गोड लागेल, पण त्याच्यातली ती संध्याकाळ वाया जाईल. दिवसभराचे राग क्रमाने आले की पाहुण्यांना नावे ठाऊक नसली तरी दिवस पुढे सरकल्याची जाणीव होते.

टेम्सकाठ

लंडनमधल्या मराठी कुटुंबांत आता पुष्कळ लग्ने दोन संस्कृतींची होतात, म्हणून तिकडची एक बाजू थोडक्यात मांडतो. चर्चमधल्या किंवा नोंदणी पद्धतीच्या लग्नात वधूच्या आगमनाला वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या १८५० सालच्या ऑपेरातले विवाहगीत वाजते आणि शेवटी मेंडेल्सझोनचे १८४२ सालचे वेडिंग मार्च वाजते. या दुसऱ्या रचनेचा प्रघात १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजल्यापासून वाढला. तानपुरी यांनी शब्दांविषयी जे लिहिले ते इथेही लागू पडते, कारण वाग्नरच्या त्या ऑपेरातले लग्न पहिल्याच रात्री मोडते. ही कथा ठाऊक असलेली कुटुंबे त्याऐवजी बाखची किंवा पाखेलबेलची रचना घेतात. दोन्ही पद्धतींचे विधी एकाच दिवशी असतील तर दोन्ही संगीतांची सरमिसळ करू नये. प्रत्येकाला आपापल्या विधीत पूर्ण जागा द्यावी, त्यात दोन्ही घरांचा मान राहतो.

ओवीबद्ध

सर्वांनी लिहिलेले आदराने वाचले. मला एका गोष्टीची काळजी वाटते, ती बोलून दाखवते. शास्त्रीय संगीताच्या आग्रहात घाणा भरताना म्हणायच्या ओव्या, हळदीची गाणी आणि लग्नानंतरचा गोंधळ यांना मागे ढकलू नये. जात्याला हळद-सुपारी बांधून सवाष्णी ओवी म्हणतात तेव्हा त्यांचा सूर एकमेकींशी पुरता जुळलेला नसेल, तरी मंगलकार्याची सुरुवात त्या आवाजाने झालेली आहे. त्यांच्यावर सनई वाजवू नये आणि त्यांच्या हाती माइकही देऊ नये. गोंधळात संबळ आणि तुणतुणे यांचा जो जोर असतो तो कुलदेवतेसाठी आहे, त्याला मैफलीच्या शिस्तीत बसवण्याचा प्रयत्न करू नये.

वराच्या घरी कीर्तन आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून एक सुचवावेसे वाटते. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ आजही उपवर मुली श्रद्धेने वाचतात. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी वराकडच्या कीर्तनकारांनी त्यातल्या निवडक ओव्यांवर अर्धा तास निरूपण करावे आणि त्याच्या शेवटी वधूने ‘स्वयंवर’ नाटकातले पद म्हणावे. दोन घरे दोन रीतींनी एकाच विवाहाचे वर्णन करतील.

गौरीहर

ओवीबद्ध ताई, ही सूचना वाचून घरातल्या सर्वांना भरून आले. वराच्या आजोबांनी निरूपण करण्याचे आनंदाने मान्य केले आहे.

आता ठरलेली मांडणी सांगते. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी निरूपण आणि त्यानंतर भाची ‘नाथ हा माझा’ म्हणेल. तेव्हा दिवे लागलेले असतील, त्यामुळे यमनाची वेळही साधेल. लग्नाच्या दिवशी घाणा आणि हळद या वेळी वाद्ये नाहीत, फक्त बायकांची गाणी. पुण्याहवाचनाच्या आधी सनईवर अहिर भैरव, गौरीहरपूजनानंतर देशकार, मंत्र चालू असताना पूर्ण शांतता. मंगलाष्टके आठच, तीन घरच्या मंडळींनी रचलेली आणि पाच पारंपरिक, त्यांत ‘आली लग्नघटी’ आहे. ती भाचीच्या दोन गुरुभगिनी तानपुऱ्यावर म्हणतील आणि शेवटचा श्लोक गुरुजी म्हणतील. अक्षतांनंतर वृंदावनी सारंग. लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या वेळी पुन्हा शांतता, जेवणाला भीमपलास, पाठवणीला सनईवर भैरवी. संध्याकाळी हंसध्वनी आणि भूप यांचे गायन.

एक शेवटची शंका आहे. मंगलाष्टके संपताच सनई सुरू होणार, तर गाणाऱ्या मुलींचा सूर आणि सनईचा सूर यांचा मेळ कसा घालावा? मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गातात.

कृष्णाकाठ

सनईचा मूळ सूर तिच्या लांबीने ठरलेला असतो, तो गाणाऱ्याच्या सोयीने फारसा बदलत नाही. म्हणून ताफा ठरवतानाच सनई कोणत्या पट्टीची आहे ते विचारून घ्यावे. बहुतेक वादकांकडे एकाहून अधिक सनया असतात. काळी चारची मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास तिचा षड्ज गाणाऱ्यांच्या मध्यमावर किंवा पंचमावर बसेल अशी पाहावी, म्हणजे शांततेनंतरचा पहिला स्वर कानाला धक्का न देता लागेल. गुरुजींचा शेवटचा श्लोक मध्ये येणार असल्यामुळे तेवढा अवकाश आपल्याला मिळतोच, त्यात तानपुरा मात्र बंद ठेवावा. लग्नाच्या आठवडाभर आधी मुख्य सनईवादक आणि दोन्ही मुली यांना एकदा एकत्र बसवा. अक्षतांची खूण कोणी द्यायची, गुरुजींनी की मामांनी, तेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.